दोन मार्कांनी

ताईने गुलाबी मेणावरून सुरी फिरवता फिरवता, वर न बघता म्हटलं, "तुझा अर्ज भरून ठेवलाय. सही तेवढी राहिलीये."

तो चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होता. सकाळी सहापासून पुनर्विम्याचे प्रकार घोकता घोकता तो चौथ्या प्रकारापाशी अडला होता. तीन यायचे, पाचवा यायचा, चौथ्याच्या जागी मात्र नुसतं भोक. ताई काय म्हणाली ते आधी त्या भोकातच पडलं आणि मग हळूहळू वर आलं. "कसला अर्ज?" त्याने विचारलं.

"फेरतपासणीचा. दुसरा कसला? निकालानंतर साठ दिवस असतात. आज साठावा. मी मोजलेत." तिने सुरी पुसली. "तू काही करणार नाहीस हे मला माहीत होतं."

टेबल एकच होतं घरात, आणि त्याची बारा वर्षांपूर्वीच वाटणी झाली होती. खिडकीकडची बाजू ताईची. तिथे प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे, प्रत्येकाच्या बुडावर पेन्सिलीने आकडा. मेणाच्या पट्ट्या, छोटा बर्नर, दातांचे डबे, छटांप्रमाणे लावलेले. ताई कवळ्या करायची. शहरातले सातआठ दंतवैद्य तिच्याकडे तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती त्या अनोळखी माणसांना दात पाठवायची. भिंतीकडची बाजू त्याची: चार जाड फायली, जुन्या प्रश्नपत्रिकांची चळत, कॅल्क्युलेटर. त्याच्या सगळ्या पानांवर कायम एक पांढुरकी पूड असायची. ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातला हिशेबतज्ज्ञ, व्हायला जेवढे पेपर लागतात तेवढे सगळे तो पास झाला होता, हा एक सोडून. जनरल इन्शुरन्सचा. गाड्या, आगी, पूर, चोऱ्या, कारखान्यातले अपघात, यांत पुढे किती नुकसान निघेल त्याचा हिशेब. या एका पेपराने त्याला तीनदा खाली बसवलं होतं: चव्वेचाळीस, एक्कावन्न, सत्तेचाळीस. पास व्हायला साठ लागतात. आणि चौथ्यांदा, घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं त्याप्रमाणे, अठ्ठावन्न.

"फेरतपासणीत काही निघत नाही गं," तो म्हणाला. "नुसती बेरीज बघतात."

"मग बघू दे की. बेरीज करणारी माणसंच ना? चुकतात."

"परीक्षा एकोणीस दिवसांवर आलीये. आता कशाला नसतं..."

"म्हणूनच तर. ते दोन मार्क मिळाले तर ही परीक्षा द्यायलाच नको." तिने आता वर बघितलं. तिचे डोळे बारीक कामाने सदा किंचित आवळलेले असायचे, त्यामुळे ती प्रेमाने बघत असली तरी तपासतेय असंच वाटायचं. "अरे, अर्ध्या मिलिमीटरसाठी मी आख्खी कवळी मोडते आणि पुन्हा करते. आणि तू दोन मार्क सोडून देतोस? जसे काही कुणाचे तरी."

त्याने विचारलं, परीक्षेचा नंबर कुठून मिळाला. ती म्हणाली, तुझ्याच फायलीत प्रवेशपत्र होतं. "कोरं करकरीत ठेवलंयस. मला वाटलं तीन तास हातात धरून घामाने भिजलं असेल." एवढं म्हणून ती हसली आणि अर्ज त्याच्यापुढे सरकवला. तिच्या टपोऱ्या अक्षरात सगळं भरलेलं होतं, विषय, सत्र, केंद्र, मिळालेले गुण. अठ्ठावन्न हा आकडा तिने दोनदा गिरवला होता. पलीकडच्या दंतवैद्याकडे एक कवळी पोचवायची होती, परीक्षा संस्थेचं कार्यालय त्याच रस्त्याला, तेव्हा ती साडेबाराच्या आत स्वतः जाऊन देणार होती. टपालाचा भरवसा नको.

आता सांगावं. खरा शब्द त्याच्या तोंडात अगदी तयार होता, नीट बसवलेल्या दातासारखा. आणि त्याने पेन उचललं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

ऑफिसला जाताना बसमध्ये त्याला उभं राहायलाही धड जमेना. जागा मिळाली तरी तो बसला नाही, मग बसला, मग एका बाईला जागा दिली जिला नको होती. दोन महिन्यांपूर्वीची ती दुपार. निकाल लागला त्या दिवशी तो मुद्दाम घरी थांबला होता, कारण ऑफिसात सगळ्यांसमोर संगणकावर निकाल उघडावा लागला असता. पडद्यावर त्याच्या नंबरापुढे एकच शब्द होता: गैरहजर. त्याला ते माहीतच होतं, तरीही छापलेलं बघून कानशिलं तापली. तेवढ्यात ताई दारात आली, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लॅस्टरने पांढरे, ते अंगापासून लांब धरलेले. "किती?" तिने विचारलं. आणि त्याने जे केलं ते त्याच्या धंद्याला साजेसंच केलं. त्याने अंदाज काढला. चाळीस म्हटलं तर ती रडली नसती, पण गप्प झाली असती, आणि तिचं गप्प होणं आठवडाभर टिकायचं. पंचावन्न म्हटलं तर म्हणाली असती, बघ, अजून थोडा अभ्यास. एकोणसाठ कुणाला खरं वाटलं नसतं. एकोणसाठावर माणूस नापास होत नाही, तिथे नशीबच नापास होतं. अठ्ठावन्न हा आकडा कसा भरीव होता. त्यात मेहनतही दिसत होती आणि थोडा अन्यायही. "अठ्ठावन्न," तो म्हणाला, आणि ताईने तशाच पांढऱ्या हातांनी त्याचं डोकं धरलं. केसांत प्लॅस्टर सुकलं. रात्री आंघोळ करताना ते निघता निघेना.

मग तो आकडा त्याच्या हातात राहिला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने तोच सांगितला, दोन आकडे लक्षात ठेवायला नकोत म्हणून. विभागप्रमुख मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून अभ्यासाची रजा चार दिवसांनी वाढवून दिली. अशा माणसाला मध्येच सोडता येत नाही, म्हणाल्या. चहाच्या यंत्राशी कुणीतरी त्याला "काय अठ्ठावन्न!" अशी हाक मारली आणि ती चिकटलीच. त्यात कुचेष्टा नव्हती, हेच अवघड होतं. आपुलकी होती. एखाद्या गवयाला सूर सापडता सापडता राहिला की ऐकणाऱ्यांना वाटते तशी. त्याला कधीच एक्कावन्नच्या वर मार्क पडले नव्हते. आयुष्यात या विषयात त्याला मिळालेले सगळ्यात जास्त मार्क त्याला पडलेच नव्हते.

शेजारच्या टेबलावर जी बसायची तिला तो मनातल्या मनात शेजारीण म्हणायचा. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, बोलणं फटकळ, पेन्सिल कानावर. तीही त्याच सत्राला बसली होती, दुसऱ्या केंद्रावर, आणि तिला खरोखरचे एकेचाळीस पडले होते. निकालानंतर तिनेच म्हटलं होतं, "तुम्ही जवळ पोचलात. मला सांगा कसं लिहिलंत." आणि दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत तो तिला सांगत होता. प्रश्नपत्रिका नंतर जाहीर झाली होती, ती त्याने घरी सोडवली होती, पुस्तकं उघडी ठेवून, चहा पीत, हवा तेवढा वेळ घेऊन. "या प्रश्नात मी आधी गृहीतकं लिहिली," असं तो तिला सांगायचा, "मग कोष्टक." ती वहीत उतरवून घ्यायची. वर मथळा द्यायची: अठ्ठावन्नची पद्धत.

त्या सकाळी, सही करून ऑफिसात पोचल्यावर, पडद्यावर त्याच्यापुढे एक त्रिकोण होता. त्यांच्या कामातला हा नेहमीचा तक्ता. डावीकडे वर्षं, वर त्या त्या वर्षानंतर किती काळाने दावे आले ते, आणि जे अजून यायचंय ते खालच्या कोपऱ्यात रिकामं. अपघात घडून गेलेले असतात. कुणाची तरी गाडी कुणावर तरी गेलेली असते, हाड मोडलेलं असतं, घरात रडारड होऊन गेलेली असते, पण कंपनीला अजून कुणी कळवलेलं नसतं. असे किती असतील ते आधीच्या वर्षांवरून ओळखायचं. नव्याने आलेल्यांना तो हे मोठ्या रंगात येऊन समजावायचा. आज त्याला तो रिकामा कोपरा बघवेना. त्याने पडद्यावरची खिडकी लहान केली, मोठी केली. ताईला फोन लावला. ती काम करताना फोन उचलत नसे, हात भरलेले असत. पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली आणि त्याला टेबल दिसत राहिलं, जबड्यांच्या रांगेपुढे थरथरत सरकणारा फोन.

"काय झालंय?" शेजारणीने विचारलं. "पाय हलवताय मघापासून. माझा पडदा हलतोय."

"काही नाही."

"सातवा प्रश्न आज करूया ना? विम्याची किंमत ठरवायचा?"

"करू," तो म्हणाला. तेवढ्यात फोन उजळला. ताईचा दोन शब्दांचा निरोप होता: निघाले मी.

तो उठलाच. जाकीट उचललं, एक बाही उलटी, तसंच घातलं. "दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," तो म्हणाला, आणि जिन्यात आल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. दुनियेत एवढी कारणं पडलेली, आणि त्याने नेमकं ताईच्याच धंद्यातलं उचललं होतं.

बस मिळेना, म्हणून तो चालत निघाला. चालण्याचा वेग पुरेना म्हणून मधेमधे पळाला, आणि पळताना लोक बघतात म्हणून पुन्हा चालला. आपण तिला आधी गाठलं तर काय सांगायचं, हे ठरवायला हवं होतं. पण डोक्यात सारखं परीक्षा केंद्राचं ते फाटकच येत होतं. पाच महिने तो मनातल्या मनात त्या फाटकाजवळून जातच होता, फक्त ते कुणाला सांगता येईल अशा शब्दांत कधी उतरलं नव्हतं. तो पळून गेला असता तर बरं. घाबरून, घेरी येऊन, पोट बिघडून. लोकांना कळण्यासारखं असतं ते. झालं होतं ते इतकं क्षुल्लक होतं की त्याला त्याचा रागसुद्धा नीट येत नव्हता. तो वेळेच्या पाऊण तास आधी पोचला होता. फाटकाच्या आत एक अंगण, अंगणात टेबलं, पलीकडे जिना. मुलंमुली येत होती, बहुतेक बावीस-चोविशीतली, पारदर्शक पिशव्यांत पेनं. तो फाटकाच्या बाहेरच्या बाजूला श्वास घेत उभा होता, इस्त्रीचा शर्ट, कानशिलावर पिकलेले केस, हातात फाइल. एक मुलगी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, मोबाईल कुठे जमा करायचे?" तिला वाटलं तो तिथला आहे. त्याने वळून बघितलं, एका टेबलावर टोपल्या होत्या. "तिथे," तो म्हणाला. तिने "थँक यू सर" म्हटलं. मग दुसरा आला, त्याला हॉल सापडत नव्हता. फळा फाटकातून दिसत होता, त्याने वाचून सांगितलं: दुसरा मजला, डावीकडे. मग तिसरी, जिचं ओळखपत्र घरी राहिलं होतं. तिला त्याने धीर दिला, आतल्या बाईंना सांगा, त्या बघतील. आपला आवाज त्याला नवाच वाटला. शांत, जाणता, कशातच न अडकलेला. इतकी वर्षं परीक्षेच्या दिवशी त्याची बोटं गार पडायची. त्या दिवशी ती उबदार होती. आठदहा जणांना तरी त्याने वाट दाखवली असेल. मग गर्दी आटली, चौकीदाराने त्याच्याकडे बघून, "सर, लावू?" असं विचारलं, आणि तो म्हणाला, "लावा." फाटक लागलं. तो बाहेर होता.

तेव्हाही वेळ होती. पाच मिनिटं तरी होती. फाटक वाजवून, मी परीक्षार्थी आहे, एवढं म्हणायचं होतं. चौकीदार हसला असता, फार तर. तो समोरच्या फुटपाथवर गेला आणि तीन तास पंधरा मिनिटं, म्हणजे पेपराचा पुरा वेळ, एका काचेच्या दुकानापुढच्या कठड्यावर बसला. आत एक म्हातारा काचा कापत होता. पट्टी ठेवायचा, हत्याराने एकच रेघ मारायचा, खर्रकन, आणि मग दोन्ही हातांनी काच अशी उचलायचा की ती आपणहून त्या रेघेवर दुभंगायची. एकही काच वेडीवाकडी तुटली नाही. बाराला त्याने ताईने दिलेला डबा उघडून सगळा खाल्ला. भूक कशी लागली होती, हे त्याला आजही समजत नव्हतं. पेपर सुटला तेव्हा ती मघाची मुलगी बाहेर आली, त्याला कठड्यावर बघून थबकली, आणि ओळखीचं हसावं की नाही हे न ठरवता निघून गेली.

संस्थेचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टपुढे रांग होती, तो जिन्याने चढला. दुसऱ्या मजल्यावरच ताईचा आवाज ऐकू आला. तो आवाज त्याला ठाऊक होता. त्याच आवाजात ती त्याच्या शाळेत येऊन भांडली होती, आई गेल्यावरच्या वर्षी, त्याला सहलीला नेलं नाही म्हणून.

"गैरहजर म्हणजे काय? गैरहजर माणसाला अठ्ठावन्न मार्क पडतात होय?"

"बाई, आमच्याकडे मार्कच नाहीत. नावापुढे..."

"नाहीत, कारण तुम्ही पेपर हरवलात! सरळ सांगा ना. मी स्वतः त्याला डबा भरून दिलाय. घरी आला तेव्हा डोळे लालबुंद होते लिहून लिहून. चौथ्यांदा बसलाय पोरगा. तुम्हाला काय, एक कागद इकडचा तिकडे."

खिडकीमागे एक पन्नाशीचा कारकून होता, कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर, पुढ्यात हजेरीच्या कागदांचा गठ्ठा. तो भांडत नव्हता. तो घाबरला होता. एका ओळीवर त्याचं बोट टेकलेलं होतं आणि दुसऱ्या हाताने तो पानं पुढेमागे उलटत होता, जणू खरंच कुठे काही राहून गेलं असावं. "बाई, असं मोठ्याने नका बोलू," तो म्हणाला. "पेपर हरवणं म्हणजे फार मोठी गोष्ट होते. मला लेखी द्यावं लागेल. त्या केंद्राचे गठ्ठे मीच मोजून घेतले होते." बाकड्यावर बसलेली दोनतीन माणसं मान उंचावून बघत होती. आतल्या खोलीचं दार उघडून एक साहेब डोकावले.

तो दारात उभा होता आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. पेपर हरवला. त्याने हे कधी योजलंच नव्हतं, आणि आता ते आयतं समोर उभं होतं, किती स्वच्छ, किती सगळीकडून पुरं. कुणाचाच दोष नाही. असतो तर गठ्ठे मोजणाऱ्या हातांचा. अठ्ठावन्न कायमचे त्याचे झाले असते. ताई बरोबर ठरली असती. त्याला फक्त काहीच बोलायचं नव्हतं, आणि न बोलण्याचा तर पाच महिन्यांचा सराव होता. कारकुनाने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्याचं बोट प्रत्येक नावावर थांबत होतं.

"ताई, पेपर हरवला नाहीये," तो म्हणाला. "मी आत गेलोच नव्हतो."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर भांडणाचा आवेश तसाच होता, पण त्याला आता जायला जागा नव्हती. "कुठे आत?" तिने विचारलं.

दोघं जिना उतरून फुटपाथवर आली. ताईच्या हातात कवळीचा डबा होता, तो तिने छातीशी धरला होता. खाली आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. फाटक, ती मुलगी, चौकीदार, काचवाला. सांगून झालं तेव्हा कळलं, दोन मिनिटंही लागली नव्हती.

"म्हणजे तू लोकांना वाट दाखवत बसलास," ती म्हणाली.

"हो."

"बरोबर तरी दाखवलीस का?"

"हो. बहुतेक."

ती रस्त्याकडे बघत होती. "आणि अठ्ठावन्न?"

"मीच ठरवले."

"मी खालच्या दुकानात सांगितलंय. डॉक्टरांना सांगितलंय. तीन डॉक्टरांना." मग ती म्हणाली, "इथेच थांब," आणि पुन्हा आत गेली.

तो थांबला. पुन्हा एका इमारतीच्या बाहेर. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ती साहेबांकडे गेली असेल. त्याचं नाव कायमचं काढून टाका म्हणून सांगत असेल. त्याने दारापर्यंत जाऊन परत यायचं असं तीनदा केलं. ती आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता, आणि शांत.

"माफी मागून आले त्या माणसाची," ती म्हणाली. "काय काय बोलले मी त्याला. बिचाऱ्याने पाणी दिलं मला." तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "तो म्हणाला, दर परीक्षेला असं होतं. शंभर जणांनी नाव घातलं तर बाराजण येतच नाहीत. कधी तेरा. वर्षानुवर्षं तेवढेच. म्हणाला, कितीक तर फाटकापर्यंत येतात. चौकीदार सांगतात त्याला."

बारा. कधी तेरा. त्याला आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ एक विचित्र अपमान. पाच महिने त्याने ही गोष्ट स्वतःच्या हाडात लपवून ठेवली होती, जगात असं दुसऱ्या कुणाला होणंच शक्य नाही अशा खात्रीने. आणि तिचा दर ठरलेला होता. एका स्वेटरवाल्या माणसाला तो तोंडपाठ होता. तो स्वतः दिवसाचे आठ तास दुसरं करतो काय? त्या फाटकाबाहेर त्याच्याखेरीज आणखी अकराजण कुठेतरी असणारच, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. कुणी बसमध्ये बसून राहिलं असेल, कुणी घरी निजून. त्याला ते सगळे एकदम दिसले, एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

"चिडली नाहीस?" त्याने विचारलं.

"चिडायचंय," ताई म्हणाली. "मला वेळ लागतो. तू ये संध्याकाळी, तेव्हा चिडलेली असेन." दंतवैद्याच्या दवाखान्याकडे ती चार पावलं गेली आणि वळली. "आणि तुझ्या ऑफिसात सांग. आजच. मी एकटीने का म्हणून तोंडघशी पडायचं?"

ऑफिसात जेवणाची सुट्टी संपत आली होती. शेजारीण वही उघडून बसली होती, पेन्सिल कानावर. "आलात? दात काढला का?" तो खुर्चीवर बसला नाही. बसलं की पुन्हा राहून जाईल, असं त्याला वाटलं. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. मी त्या दिवशी परीक्षा दिलीच नाही. मला मार्क पडलेच नाहीत. तुला जे सांगत होतो ते मी नंतर घरी बसून, पुस्तकं बघून केलेलं.

तिला सगळ्यात आधी काय दुखलं ते त्याला कळेना. मग तिने वहीची पानं चाळली, मागे, अजून मागे. "दोन महिने," ती म्हणाली. "माझी स्वतःची पद्धत मी टाकून दिली. तुमच्यामुळे. मी आधी आकडे करायची, गृहीतकं नंतर. ती बदलली."

"तुझी चांगली होती, असेल. मला माहीत नाही."

"असेल!" तिने वही मिटली. आजूबाजूचे दोघं बघायला लागले. ती आवाज खाली आणून, जवळजवळ दात आवळून म्हणाली, "मॅडमना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. मला त्यात पडायचं नाही."

तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि सांगून आला. तिथे फार काही झालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की वाढवलेली रजा त्या परत घेतायत, आणि दार लावून घ्या. तो बाहेर आला तेव्हा शेजारीण आपल्या जागी नव्हती. त्याने पडद्याकडे बघितलं. त्रिकोण तसाच होता. बसवेना. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आला, न पिता. परत आला तेव्हा त्याच्या टेबलावर एक प्रश्नपत्रिका होती, सात वर्षांपूर्वीची, त्याने कधीच न सोडवलेली, आणि चार कोरे कागद. ती बाजूला उभी होती. बघत नव्हती त्याच्याकडे.

"तिसरा प्रश्न," ती म्हणाली. "पंधरा मार्कांचा. पेपराच्या हिशेबाने एकोणतीस मिनिटं होतात. पुस्तक नाही, चहा नाही."

"आत्ता? कामाचा वेळ..."

"मग उशिरा थांबा. मला बघायचंय तुम्हाला खरं काय येतं ते. माझा तेवढा तरी हक्क आहे." तिने फोनवर वेळ लावली आणि फोन त्याच्यापुढे पालथा ठेवला.

कारखान्यांच्या विम्याचा प्रश्न होता. पहिली ओळ वाचेपर्यंत त्याची बोटं गार पडली. ओळखीची गारठ्याची कळ, मनगटापासून वर. त्याने लिहिलं, खोडलं. आतल्या कुणीतरी उठ म्हटलं, पाणी पिऊन ये म्हटलं, लोकांचं काय ते बघ म्हटलं. तो उठला नाही. एक कोष्टक आखलं, त्यातला एक रकाना चुकला, दुसरं आखलं. अक्षर कलायला लागलं. कुठल्याशा टेबलावर फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. मध्येच एकदा त्याला विषय सापडला, साताठ ओळी धावत गेल्या, आणि पुन्हा हरवला. फोन थरथरला.

"दोनच ओळी राहिल्यात..."

"नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या पेनाखालून कागद ओढून घेतला. शेवटच्या शब्दाची शेपटी पानभर गेली.

ती उभ्यानेच तपासू लागली, छापील उत्तराशी ताडून, कानावरची पेन्सिल हातात घेऊन. एकेका मुद्द्यापाशी थांबत होती. एका ठिकाणी तिने खूण केली. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग अर्धी खूण. तो तिच्या पेन्सिलीकडे बघत होता. पाय हलत होता, त्याने तो हाताने धरला, तरी हलतच होता.

"पंधरापैकी सहा," ती म्हणाली.

"सहा," तो म्हणाला. "बाकीचे नऊ कुठे गेले?"

तिने पाय लावून आपली खुर्ची त्याच्या टेबलाशी ओढली, खाली बसली, आणि कागद दोघांच्या मध्ये ठेवला.